पाणवठ्यावरची बाई आणि केडगावचं मुक्ती सदन

आज आपण पंडिता रमाबाईंबद्दल बोलणार आहोत. संस्कृत शिकलेली मोठी विदुषी म्हणून त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पण घरानं आणि गावानं टाकलेल्या बाईला जवळ कसं करायचं, हे त्या कुठे शिकल्या, ते आज ऐकू या.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बाईमाणसाला संस्कृत शिकवायचं नाही असा तो काळ. तरी त्यांनी बायकोला शिकवलं आणि आईनं रमाला. १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रमा आणि तिचा भाऊ अन्नाला महाग होऊन देशभर पायी फिरले. पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, पण दोन वर्षांत नवरा पटकीनं गेला. पदरात लहानगी मनोरमा. वय अवघं तेवीस.

१८८३ मध्ये त्या शिकायला इंग्लंडला गेल्या. तिथल्या ख्रिस्ती जोगिणींनी, म्हणजे सिस्टर्सनी, त्यांना लंडनमधला एक आश्रम दाखवला. ज्यांना समाज ‘वाया गेलेल्या’ म्हणतो, अशा बायकांना तिथे आसरा होता. त्यांतल्या काही जणी आता स्वतःच आजाऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांना कोणी मायेनं वागवतं, हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा त्यांना बायबलमधली शोमरोनी बाईची गोष्ट समजली.

ती गोष्ट आपल्याला लगेच कळेल, कारण ती पाणवठ्यावरची आहे. भर दुपारी एक बाई विहिरीवर येते. तिचे पाच नवरे झालेले. यहुदी लोक तिच्या जातीच्या लोकांशी व्यवहार ठेवत नसत. तिथे बसलेला येशू यहुदी असून तिच्याकडेच प्यायला पाणी मागतो. तिचं सगळं आयुष्य त्याला ठाऊक असतं, तरी तो तिला हाकलत नाही, तिच्याशी बोलत बसतो. बाई घागर तिथेच टाकून गावात सांगायला धावते. आपल्याकडे पाण्याला शिवू दिलं नाही म्हणून किती जणी रडल्या, ते आठवा. मग ही गोष्ट रमाबाईंच्या मनात का रुतली, ते कळतं. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या, लहानपणीच विधवा झालेल्या. १८९३ मध्ये त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. पण टाकलेल्या विधवेला पुन्हा उभं राहता येतं, हे त्यांच्यामुळे लोकांना दिसलं.

त्याच वर्षी वाद पेटला. मुलींना ख्रिस्ती करतात, असा आरोप झाला. ‘केसरी’नं कडक टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार समितीतून बाहेर पडली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा प्रश्न खोटा नव्हता. पुढे केडगावला तर ख्रिस्ती शिकवण उघडपणेच दिली जाई. भुकेल्या पोरीला भाकरी देणाऱ्याचा धर्म तिनं घेतला, तर तो किती तिच्या मनानं घेतला? यावर तेव्हाही दोन मतं होती, आजही आहेत.

पण दुसरी बाजूही बघा. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना घेऊन आल्या. भूक त्यांनी स्वतः भोगली होती. पुणे जिल्ह्यात, दौंडजवळ केडगावला त्यांनी मुक्ती सदन उभं केलं. १९०० च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. ‘वाया गेलेल्या’ म्हटलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. अंध मुलींना मनोरमानं ब्रेल शिकवलं. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकांनीच चालवलं. रमाबाईंनी मूळ भाषांतून मराठीत आणलेलं बायबल याच बायकांनी छापलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. मुक्ती सदन आजही चालू आहे.

मैत्रिणींनो, तिथे दया होती, पण नुसती दया नव्हती. आलेल्या बाईला ‘तू काय केलंस?’ असं विचारत बसण्याऐवजी तिला जेवण, अंथरूण, अक्षर आणि काम मिळे. कोणीतरी आपल्याला माणूस समजतं, हे कळल्यावर बाई आतून बदलते. मग तीच दुसरीला सांभाळते.

पुढच्या बैठकीत एवढं बोला: आपल्या गावात नवऱ्यानं सोडलेली, बदनाम झालेली, कोणी हळदीकुंकवाला न बोलावणारी बाई कोण आहे? तिच्या दारी जाऊन तिच्या हातचं पाणी प्यायला आपल्यातलं कोण जाईल?