रिकामं वानखेडे आणि न ऐकू आलेला ‘नो’

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते थोडं नीट केलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

बदलापूर लोकलच्या दारात उभे राहून ऐकत असाल तर आधी आत सरका, मग प्ले करा. आजचा विषय आवाज आहे. गर्दीचा आवाज, आणि ती गर्दी नसली तर काय होतं, हा.

सुरुवात माझ्याच एका पापानं करतो. काही वर्षांपूर्वी उल्हासनगरला, कॅम्प नंबर चारच्या बाजूला, आमची एक नाइट टेनिस टुर्नामेंट होती. हॅलोजन, मंडप, डीजे, माइकवर अखंड कॉमेंट्री, सगळा थाट. सेमीफायनल. आम्हाला ८ बॉलमध्ये ११ हव्या होत्या. स्ट्राइकवर माझा शाळेपासूनचा मित्र, ३० च्या पुढे खेळत होता, सेट. मी नॉनस्ट्रायकर, नुकताच आलेलो. त्यानं पॉइंटला बॉल ढकलला आणि मी पळालो. तो ‘नो’ म्हणाला. मी थांबलो नाही. मी अर्ध्यात पोचलोय बघून बिचारा स्वतः पळाला आणि समोरच्या टोकाला एक हात कमी पडला. रनआउट. आम्ही ४ रननी हरलो.

मंडपात आल्यावर माझं एकच वाक्य होतं: ‘अरे, डीजे किती वाजत होता, ऐकूच आलं नाही.’ अंबरनाथच्या स्टेशनपर्यंत रिक्षात तो एक शब्द बोलला नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी परत येतो इथे.

आता थोडं लांब जाऊ. माझं काम सॉफ्टवेअरचं, टीम अर्धी अमेरिकेत. रात्रीच्या कॉलला पहिली पाच मिनिटं ‘माझा आवाज येतोय का’ यात जातात, पुढची पाच तिकडच्या फुटबॉलवर. त्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा गडी असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर कॅप्टन, सेट बॅट्समन आणि विकेटकीपर यांची खिचडी. प्रत्येक चाल त्याच्या ओरडण्यावर सुरू होते. तो ठराविक शब्द ओरडतो, त्या तालावर बॉल मागे येतो आणि त्याचे बाकीचे दहा जण हलतात. एखादा आधीच हलला की ५ यार्डांचा दंड.

मग पाहुण्या टीमचा क्वार्टरबॅक आला की घरचं पब्लिक काय करतं? त्याला काहीच बोलता येऊ नये म्हणून बोंबलतं. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियममध्ये २०१४ साली १४२.२ डेसिबलचा गिनीज रेकॉर्ड झालाय. दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते, म्हणजे आपला गणपतीतला डीजेसुद्धा तिथे कान धरेल. अशा वेळी पाहुणी टीम आवाज सोडून खुणांवर खेळते. कोणी पाय उचलतो, कोणी शेजाऱ्याला थाप मारतो.

आणि गंमत म्हणजे स्वतःच्या क्वार्टरबॅककडे बॉल आला की तेच पब्लिक चिडीचूप बसतं. त्याला बोलता यावं म्हणून.

मग आलं २०२०. कोरोनात बहुतेक स्टेडियम रिकामी, किंवा नावाला थोडी माणसं. स्पीकरवरून नकली गर्दी वाजवायची तर तिलाही मर्यादा, सुरुवातीला ७० डेसिबल. त्या सीझनला घरच्या टीम १२७ जिंकल्या, १२८ हरल्या, एक बरोबरीत. एनएफएलच्या इतिहासात घरच्या टीमचा हिशेब तोट्यात जाण्याची ही पहिलीच वेळ. शिवाय दर टीममागे मॅचला सरासरी २४.८ पॉइंट, तोही तेव्हाचा विक्रम. पेनल्ट्या कमी दिल्या गेल्या हेही त्यामागचं एक कारण आहे, सगळं शांततेच्या खात्यावर टाकू नका. पण पाहुण्या क्वार्टरबॅकला पहिल्यांदाच घरच्यासारखं बोलता आलं, हे खरं.

हे ऐकलं आणि मला आपलं पब्लिक आठवलं. आपण आपल्या बॅट्समनसाठी कधी गप्प बसतो? आपला माणूस खेळत असताना आपण जास्त ओरडतो. क्रिकेटमध्येही ‘येस’, ‘नो’, ‘वेट’ हे तीन शब्द ऐकू जावे लागतात, हे स्टँडमध्ये बसल्यावर कोणाच्या डोक्यात येतं?

२ एप्रिल २०११, वानखेडे, वर्ल्ड कप फायनल. तुम्हाला धोनीचा सिक्स पाठ आहे. टॉस आठवतोय का? धोनीनं नाणं उडवलं, संगकारा काहीतरी बोलला, आणि मॅच रेफरी जेफ क्रो यांना त्या गदारोळात ते ऐकूच आलं नाही. दोन्ही कॅप्टनना आपणच जिंकलो असं वाटलं. शेवटी टॉस परत करावा लागला. श्रीलंकेनं तो जिंकून बॅटिंग घेतली. वर्ल्ड कपची फायनल, मधे तीन माणसं हातभर अंतरावर उभी, आणि एक शब्द पोचत नाही!

त्याच रात्री उलटंही झालं. सेहवाग दुसऱ्याच बॉलला गेलेला. मग सचिन १८ वर मलिंगाच्या बॉलवर विकेटमागे झेल देऊन परतला, भारत २ बाद ३१. सचिनच्या घरच्या मैदानावर असा सन्नाटा पसरला की टीव्हीवर बघणाऱ्यांनासुद्धा तो ऐकू आला. आता बघा, तिथून पुढे गंभीरनं ९७ केले आणि धोनीनं नाबाद ९१. डाव बांधायला घेतला तो त्या शांततेत. गर्जना परत आली ती नंतर, धावा जमायला लागल्यावर. तरी आपण वर्षानुवर्षं सांगतो की पब्लिकनं जिंकवून दिलं.

पब्लिकचा आवाज खेळावर स्वार होणं मुंबईला नवं नाही. नोव्हेंबर १९६९, ब्रेबॉर्न, ऑस्ट्रेलियाविरुद्ध टेस्ट. वेंकटराघवनला कॅच बिहाइंड दिलं. लोकांच्या कानाला ट्रान्झिस्टर होते, म्हणजे त्या काळचे तुमचे इअरफोनच. रेडिओवर समालोचकानं निर्णयावर शंका घेतली आणि ती शंका एकाच वेळी हजारो कानांत पोचली. मग बाटल्या, खुर्च्या, जाळपोळ. स्टँडमधून धूर येतोय आणि पिचवर खेळ चालू. मॅच ऑस्ट्रेलियानं जिंकलीच.

मला या गोष्टीत खरा अडकलेला माणूस अंपायर वाटतो. खेळाडूला निदान बॅट हातात असते. अंपायरला त्या कल्लोळात बॅटची बारीक कड ऐकायची असते. इंग्लंडमध्ये २००२ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. फुटबॉलच्या ४० रेफरींना एकाच मॅचची टेप दाखवली, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना म्यूट करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या टीमविरुद्ध साधारण १५ टक्के कमी फाउल दिले. टेप तीच, आवाज तेवढा वेगळा. इथे कोणी बेइमान नव्हतं. इतक्या माणसांचा ‘ओऽऽ’ कानात गेला की हाताला आपोआप ब्रेक लागतो.

याचाच इलाज म्हणून तिसऱ्या देशाचे अंपायर आणायची कल्पना पुढे आली, आणि त्यातला पहिल्या मानकऱ्यांपैकी एक आपल्या ठाण्याचा. पिलू रिपोर्टर. १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान–वेस्ट इंडिज टेस्टमध्ये ते आणि व्ही. के. रामस्वामी उभे राहिले, टेस्ट क्रिकेटच्या आधुनिक काळातले पहिले तटस्थ अंपायर. सेंट्रल लाइनवाल्यांनी ही गोष्ट जरा कॉलर ताठ करून सांगायला हरकत नाही.

बरं, आता शांततेकडे. कोरोनाच्या आधी रिकाम्या स्टेडियमचा एक प्रसंग आपल्याकडे होऊन गेला होता. फेब्रुवारी १९९९, कोलकाता, पाकिस्तानविरुद्ध. चौथ्या दिवशी सचिन शोएब अख्तरला धडकून रनआउट झाला, लोक पेटले. शेवटच्या दिवशी पुन्हा गोंधळ झाला तेव्हा पोलिसांनी ईडन गार्डन्स सरळ खाली केलं आणि शेवटची विकेट ओसाड स्टँडसमोर पडली. पण ती शिक्षा होती, आणि काही बॉलपुरती.

खरा प्रयोग झाला २०२१ मध्ये, आपल्या महाराष्ट्रात. तो काळ आठवा. २०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली होती ती सगळ्यांसाठी सुरू झाली २०२१ च्या फेब्रुवारीत, तीही ठराविक वेळेत. मी वर्क फ्रॉम होम. अंबरनाथ आणि बदलापूरमध्ये जन्म गेला, पण संध्याकाळी घरात बसून पंख्याचा आवाज ऐकू येतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मार्चमध्ये रुग्ण वाढले आणि पुण्याजवळच्या गहुंजेच्या स्टेडियमवर भारत–इंग्लंडच्या तीन वनडे प्रेक्षकांशिवाय झाल्या. अंगावर तिरंगा रंगवून मॅचला जाणारा तो प्रसिद्ध चाहता शेजारच्या टेकडीवर चढून झेंडा हलवत होता.

२३ मार्चची पहिली मॅच घ्या. भारताच्या ३१७. इंग्लंड बिनबाद १३५, तेही पंधरा ओव्हर व्हायच्या आत. भरलेलं स्टेडियम असतं तर आपण म्हणालो असतो की आता पब्लिकनं बॉलरला उचलायला हवं. पब्लिक नव्हतं. पहिलीच वनडे खेळणाऱ्या प्रसिध कृष्णानं ४ विकेट काढल्या, पालघरच्या शार्दूल ठाकूरनं ९४ वरच्या बेअरस्टोसकट ३, आणि इंग्लंड २५१ वर ऑलआउट. त्याच मॅचमध्ये पहिल्यांदाच वनडे खेळणाऱ्या कृणाल पंड्यानं २६ बॉलमध्ये पन्नास केले. वनडे पदार्पणातली ती तेव्हाची सर्वांत वेगवान फिफ्टी, आणि टाळ्या फक्त ड्रेसिंग रूमच्या. मधल्या मॅचमध्ये इंग्लंडनं ३३७ चा पाठलाग ४३.३ ओव्हरमध्ये संपवला. तिसरी आपण ७ रननी जिंकलो. म्हणजे चुरस कमी झाली नव्हती, कोसळणं कमी झालं नव्हतं, रडूही कमी झालं नव्हतं. कृणाल मॅचमध्येच मुलाखत देताना वडिलांच्या आठवणीनं गहिवरला, त्याला बोलवेना.

पुढच्याच महिन्यात आयपीएल रिकाम्या वानखेडेत. टीव्हीवर रेकॉर्ड केलेलं पब्लिक ओरडत होतं, मैदानात कोणी नाही. १२ एप्रिल, राजस्थान विरुद्ध पंजाब, राजस्थानला २२२ हवे. संजू सॅमसन कॅप्टन म्हणून पहिलीच मॅच खेळतोय, शंभर पार. २ बॉल, ५ रन. त्यानं मारलं, पलीकडून ख्रिस मॉरिस धावत जवळजवळ त्याच्यापर्यंत पोचला, आणि सॅमसननं त्याला परत पाठवलं. मॉरिस वळला आणि कसाबसा क्रीझमध्ये परतला. शेवटच्या बॉलवर सॅमसन बाउंड्रीवर कॅच, ११९ वर. ४ रननी हार. रन नाकारणं बरोबर होतं का, यावर लोक महिनाभर भांडले. पण बघा, तिथे डीजे नव्हता, तीस हजार माणसं नव्हती. दोन माणसं, बावीस यार्ड, पूर्ण शांतता, तरी एक ‘हो’ म्हणत होता आणि दुसरा ‘नाही’.

(इथे मी रेकॉर्डिंग दोन मिनिटं थांबवलं होतं. कारण नंतर कळेल.)

आता आपल्या लाइनवरच्या एका माणसाबद्दल. तुषार देशपांडे, कल्याणचा. आयपीएलमधली त्याची पहिली मॅच १४ ऑक्टोबर २०२०, दुबई, रिकामं स्टेडियम. लहानपणापासून डोक्यात जे चित्र असेल त्यातली गर्दीच गायब. त्यानं बेन स्टोक्सला काढलं. शेवटच्या ओव्हरमध्ये राजस्थानला २२ हव्या असताना बॉल त्याच्या हातात दिला गेला, आणि दिल्ली १३ रननी जिंकली. पुढे २०२३ मध्ये चेन्नईकडून, म्हणजे चेपॉकच्या पिवळ्या गदारोळात, त्यानं सीझनला २१ विकेट घेतल्या.

पण त्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट बॅटिंगची आहे. २७ फेब्रुवारी २०२४, बीकेसीचं मैदान, रणजी क्वार्टर फायनल, बडोद्याविरुद्ध. मुंबई ९ बाद ३३७. अकरावा म्हणून तुषार आला. दहावा तनुष कोटियन समोर. दोघांनी २३२ जोडल्या. कोटियन नाबाद १२०, तुषार १२३. दहाव्या आणि अकराव्या दोघांची एकाच डावात शतकं, ही फर्स्ट क्लास क्रिकेटमधली दुसरीच वेळ. पहिली १९४६ मध्ये ओव्हलवर, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी, सरेविरुद्ध.

बीकेसीला बघायला किती जण होते? रणजीला असतात तितके. कोणाचे तरी मित्र, थोडे पत्रकार, सावलीत उभे असलेले दोन-चार कामगार. आणि रणजी नेहमी अशीच असते. ‘बंद दाराआड खेळणं किती अवघड’ म्हणून २०२० मध्ये आपण हळहळलो, पण मुंबईचा प्रत्येक खेळाडू मोठा होतो तो रिकाम्या मैदानातच. आझाद मैदान, क्रॉस मैदान, बीकेसी. त्याला नवीन असते ती गर्दी. म्हणून मला वाटतं, आपण प्रश्न उलटा विचारत होतो. शांततेत कसं खेळले, हे विचारण्यात काही अर्थ नाही. त्या आवाजात एकमेकांचं ऐकायला कुठे शिकले, ते विचारायला हवं.

तर, ते पाप. आमच्या त्या सेमीफायनलचं यूट्यूबवर लाइव्ह झालं होतं. इतकी वर्षं मी ते उघडलं नव्हतं. या एपिसोडसाठी आवाजाचा एखादा नमुना वाजवावा म्हणून परवा रात्री हेडफोन लावून शोधलं. आधीच्या बॉलनंतर डीजे वाजतोय, कॉमेंटेटर जोरात. मग बॉलर पळायला लागतो आणि डीजेवाला आवाज बंद करतो. कॉमेंटेटरही गप्प. बॅटवर टेनिस बॉलचा टप्पकन आवाज येतो आणि मागोमाग माझ्या मित्राचा, अगदी स्वच्छ: ‘नो! नो! नो! मागे जा!’

तीनदा. मी बॉलकडे बघत पळतोय.

ती लिंक मी त्याला अजून पाठवलेली नाही. पण तो आता पनवेलला असतो आणि दर एपिसोड ऐकतो, त्यामुळे एव्हाना त्याला कळलं असेल. मित्रा, रविवारी बदलापूरला ये. बॉक्स क्रिकेटचा टर्फ बुक केलाय, संध्याकाळी सात ते आठ. कॉल तू दे.