जुन्या जीपची तेलगळती : दोष कुठे, दुरुस्ती कशी?

कवठे महांकाळ आणि परिसराच्या दुष्काळी पट्ट्यात जीप ही कधी केवळ हौसेची वस्तू नव्हती. जिथे एसटी दिवसातून एखाद-दुसरी फेरी करी, अशा वाड्यावस्त्यांवर ‘वडाप’च्या जीपनेच माणसे आणि बाजाराची पोती वाहिली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे ‘सीजे-३बी’ हा नमुना भारतात दीर्घकाळ तयार होत राहिला. त्यातील पन्नाशी उलटलेल्या गाड्या आता शौकिनांच्या अंगणात दिसतात. या गाड्यांची एक नेहमीची तक्रार म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगमधून होणारी तेलगळती. ‘जुनी गाडी म्हणजे गळायचीच’ असे म्हणून तिकडे काणाडोळा केला जातो, आणि तिथेच चूक होते.

या हाऊसिंगमध्ये तेल मावते जेमतेम सव्वा लिटर. त्यातले अर्धे गेले तरी क्राऊन आणि पिनियनचे दाते कोरडे पडू लागतात. त्याहून मोठा धोका ब्रेकचा आहे. अ‍ॅक्सलच्या टोकाचे सील निकामी झाले की तेल ड्रममध्ये उतरते, लायनर भिजतात आणि उतारावर ब्रेक लागत नाही किंवा गाडी एका बाजूला ओढली जाते. चाकाच्या आतील बाजूस तेलाचे ओघळ दिसले, तर दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी रस्त्यावर काढू नये.

हाऊसिंगची घडण समजली की दोष शोधणे सोपे जाते. मधला गोळा बिडाचा असतो. त्यात दोन्ही बाजूंनी पोलादी नळ्या दाबून बसवून वेल्डिंगने पक्क्या केलेल्या असतात. मागे दहा बोल्टचे झाकण, पुढे पिनियनचे सील, दोन्ही टोकांना शाफ्टची सील आणि वर हवा खेळण्यासाठी एक बारीकसा ब्रीदर. तेल यांपैकी कुठूनही येऊ शकते. मात्र धावत्या गाडीत ते वाऱ्याने मागे पसरत असल्याने डाग एकीकडे आणि गळती दुसरीकडे असा प्रकार होतो. म्हणून आधी हाऊसिंग डिझेलने धुऊन, पुसून कोरडे करावे, थोडे अंतर गाडी चालवावी आणि मग पाहावे.

पहिला संशय मात्र ब्रीदरवरच घ्यावा. धुळीच्या रस्त्यांवर तो हमखास बुजतो. तेल तापले की आतली हवा फुगते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने चांगल्या सीलमधूनही तेल ढकलते. उलट, तापलेली गाडी ओढ्याच्या पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. काढलेले तेल दुधाळ दिसले तर हेच घडले असे समजावे. ब्रीदर साफ करायला खर्च काहीच नाही. तरीही अनेक ठिकाणी आधी सील बदलली जातात आणि महिन्याभरात गळती परत सुरू होते.

सील बदलताना शाफ्टवरील घासलेली चर बघावी. चर खोल असेल तर नवे सीलही टिकत नाही. तिथे पातळ बाही चढवावी लागते. सीजे-३बीचा हब निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेला असतो. तो पुलरनेच काढावा; घणाचे घाव घातले तर बेअरिंग आणि शाफ्टचे आटे दोन्ही जातात. ब्रेकच्या पत्र्यामागील पातळ शिम मोजून जशाच्या तशा परत बसवाव्यात, कारण शाफ्टची आतबाहेर हालचाल त्यांवरच ठरते.

हाऊसिंगलाच तडा असल्याची शंका आली तर जुनी युक्ती उपयोगी पडते. बाहेरून चुन्याचा हात देऊन तो वाळू द्यावा आणि आतून रॉकेल लावावे. तड्याची रेघ पांढऱ्यावर उमटते. एम-सीलसारखा लेप ही तात्पुरती सोय, आणि तेलकट धातूवर तीही टिकत नाही. बिडाला वेल्डिंग करायचे तर तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडावे, भाग आधी सावकाश तापवावा, निकेलचा रॉड वापरावा आणि काम झाल्यावर राखेत किंवा वाळूत हळूहळू निवू द्यावे. हाऊसिंग पूर्ण उघडून, आतले गिअर काढूनच हे करावे. नळीच्या सांध्यावर एकाच बाजूने सलग वेल्डिंग केल्यास नळी वाकते आणि मग टायर तिरके झिजू लागतात.

शेवटी झाकणाचे पॅकिंग नवे घालावे, बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळावेत आणि हायपॉईड गिअरसाठीचे ९० नंबरचे तेल भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंतच भरावे. जादा तेलही गळतेच. शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत आणि रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी डाग कोणत्या भागाखाली पडला आहे, हे त्यावर दिसते.