ब्लॉकवरचा शिलालेख

गोव्याचा इतिहास म्हटले की आपण ताम्रपट, शिलालेख आणि कोमुनिदादची दप्तरे शोधतो. मांगरात गंजणाऱ्या लोखंडाकडे कोणी बघत नाही. १९५० नंतर खनिजाचा पैसा आला आणि आयातही मोकळी होती. त्यामुळे भारताच्या नाकेबंदीच्या काळातही इथल्या रस्त्यांवर परदेशी गाड्या धावत होत्या. मर्सिडिजची टॅक्सी जुन्या वाचकांना आठवत असेल.

तशीच एक १८० डी माझ्या एका मित्राकडे आहे. मेस्ताने सल्ला दिला, ब्लॉक भंगारात घाला, टेम्पोचे डिझेल इंजिन बसवा. त्या इंजिनाचे मूळही मर्सिडिजचेच, पण पुढच्या पिढीचे. म्हटले, आधी हा ब्लॉक वाचू या.

घासलेट आणि तारेचा ब्रश घेऊन ठोकलेला नंबर उघडा केला. सुरुवातीचे तीन आकडे ६३६. म्हणजे १७६७ सी.सी.चे मूळ इंजिन, बोर ७५ मि.मी. आणि स्ट्रोक १०० मि.मी. नंबरावर एकट्या विसंबू नये. ६३६चा कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असतो, १९५८च्या १९० डीमध्ये आलेल्या ६२१चा वर हेडमध्ये. १९६१च्या मध्यापासून १८० डीलाही ६२१ जातीचे इंजिन मिळाले. तेव्हा १८० डीत ६२१ सापडले तर एकतर गाडी मुक्तीच्या तोंडावर किंवा त्यानंतर आलेली, नाहीतर इंजिन केव्हातरी बदललेले! इतिहास असा आकड्यांत लपलेला असतो.

ओळख पटली, आता तब्येत. पिस्टनच्या डोक्यावर ओव्हरसाइजचा आकडा असेल तर ब्लॉक पूर्वी बोर झालेला आहे. सिलिंडर बोर गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजावा. झीज सर्वांत जास्त वरच्या रिंगच्या जागी असते. वरखाली फरक निघाला तर तो निमुळता झाला, आडवा-उभा निघाला तर लंबगोल. हेड बसते तो पृष्ठभाग सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासावा. मेन बेअरिंगच्या जागा एका रेषेत आहेत ना, हे पाहावे. आपल्याकडे पाणी गोठून ब्लॉक फुटत नाही, पण वर्षानुवर्षे साधे पाणी भरल्याने वॉटर जॅकेट आतून गंजते. म्हणून डाय टेस्ट आणि दाबाखाली पाणी भरून परीक्षा करायलाच हवी. बोरची झीज स्लीव्ह घालून भरून निघते. बेअरिंगच्या जागेतून गेलेली तडा मात्र बहुधा ब्लॉकचा शेवट ठरते.

या ब्लॉकला तडा नव्हती. चारही सिलिंडर झिजलेले, पण स्लीव्ह घालण्याजोगे. खर्च टेम्पोच्या इंजिनापेक्षा जास्त येणार, हे मित्राला स्पष्ट सांगितले. त्याने ब्लॉक ठेवला.

इंजिन बदलले तरी गाडी चालेलच. पण ती कोणत्या काळात, कोणत्या गोव्यात आली हे सांगणारा नंबर भंगारवाल्याच्या तराजूत जातो. तुमच्या मांगरात असा ब्लॉक पडला असेल, तर विकण्याआधी निदान नंबर तरी उतरवून ठेवा.