तळटीप : ‘डाव्या हाताला नाडीच लागेना’

भैरवगढ हे उज्जैनलगतचे क्षिप्राकाठचे ठिकाण, काळभैरवाच्या मंदिरासाठी आणि मेण लावून केलेल्या बाटिक छपाईसाठी प्रसिद्ध. तिथे छपाईकाम करणाऱ्या तरुणीच्या या दुखण्याला कथेत देवीचा कोप म्हटले आहे. मजकूर तसाच ठेवला. वर्णन मात्र ताकायासू आजाराशी जुळते. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका तरुणीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांत झालेले बदल मांडले, त्यांच्यावरून हे नाव. शरीराची प्रतिकारशक्तीच महाधमनी व तिच्या शाखांवर उलटते; भिंती सुजून जाड होतात, रक्ताची वाट अरुंद होते. रुग्ण बहुधा चाळिशीच्या आतल्या स्त्रिया. भारतात मूत्रपिंडाची धमनीही पुष्कळदा आवळते आणि रक्तदाब चढतो. पण धमनी आवळलेल्या हातावर मोजला तर तो कमीच दिसतो. म्हणून दोन्ही हातांवर आणि पायावरही दाब मोजलाच पाहिजे. सुरुवातीचा बारीक ताप, घटते वजन यांवरून क्षयाचा समज होऊन मोलाचा काळ जातो, ही फार दुःखाची गोष्ट. आजार संसर्गजन्य नाही. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट अशा औषधांनी तो बहुतेकदा आटोक्यात ठेवता येतो. — संपा.