खुराड्याचं दार

घरमालकीणबाई चार दिवसांसाठी लेकीकडे गेल्या, तेव्हा त्यांच्या सहा कोंबड्या माझ्या ताब्यात होत्या. काम सोपं होतं. सकाळी दाणापाणी, दुपारी अंडी गोळा करणं आणि अंधार पडायच्या आत खुराड्याचं दार लावणं. तिसऱ्या दिवशी ऑफिसची मीटिंग लांबली. परसात आले तेव्हा डेन्व्हरच्या आमच्या उपनगरात मिट्ट काळोख झाला होता. कुंपणाशी पिसं पडली होती, आणि दोनच कोंबड्या दांडीवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यात तो दिसला. करडा, लांब पायांचा, तोंडात कोंबडी धरून कुंपणावरून सहज पलीकडे जाणारा कोयोटी. आपल्या कोल्ह्याचा अमेरिकन चुलतभाऊ. मी बाईंना फोन करून सांगितलं, "कोयोटीने जाळी उचकटली." दाराबद्दल बोललेच नाही.

त्या रात्री मी मोबाईलवर एकच गोष्ट शोधत होते: याला मारायचं कसं? सापळे, बंदुका, विष असं वाचत वाचत कधीतरी मी इतिहासात शिरले. हाच प्रश्न अमेरिकेच्या सरकारने शंभर वर्षांपूर्वी विचारला होता, आणि त्याचं उत्तर शोधणारी प्रयोगशाळा याच डेन्व्हरमध्ये होती.

कोयोटी हे नाव अॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतल्या 'कोयोत्ल'वरून आलं. इथल्या अनेक मूलनिवासी जमातींच्या गोष्टींत तो लबाड आहे, खादाड आहे, स्वतःच्याच युक्तीत फसणारा आहे, आणि काही ठिकाणी तर जग घडवणाराही आहे. आपल्या गोष्टींतल्या कोल्होबाला एवढा मान कधी मिळाला नाही. युरोपीय लोक आले तेव्हा कोयोटीचा मुलूख मुख्यतः पश्चिमेकडची गवताळ मैदानं आणि वाळवंटं एवढाच होता. जिथे लांडग्यांचं राज्य होतं, तिथे त्याला अंग चोरूनच राहावं लागे.

मग मेंढ्या आणि गुरं आली. पशुपालकांचं नुकसान खरं होतं, आणि त्यांचा आवाज वॉशिंग्टनपर्यंत पोहोचला. १९१५ साली काँग्रेसने लांडगे, कोयोटी वगैरे शिकारी प्राणी मारण्यासाठी सव्वा लाख डॉलर मंजूर केले. हे काम ज्या खात्याकडे गेलं, त्याचं नाव होतं 'ब्युरो ऑफ बायॉलॉजिकल सर्व्हे'. या खात्याच्या डेन्व्हरमधल्या प्रयोगशाळेच्या नावात तर आडपडदाच नव्हता: 'इरॅडिकेशन मेथड्स लॅबोरेटरी', म्हणजे समूळ नायनाटाच्या पद्धती शोधणारी प्रयोगशाळा. मुख्य हत्यार होतं स्ट्रिक्नीन. कोकणात ज्याला काजरा म्हणतात, त्या झाडाच्या बियांमध्ये असतं तेच विष. ते मांसात, चरबीत घालून माळरानांवर पेरलं जाई.

१९३१ साली कायदाच झाला. त्यात दहा वर्षं दरवर्षी दहा लाख डॉलर खर्चायची तरतूद होती, तीही महामंदीच्या काळात. लांडगा यात जवळजवळ संपला. पश्चिमेकडच्या बहुतेक भागांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो नावाला उरला नव्हता. कोयोटी मात्र उरला. यलोस्टोनमध्ये अॅडॉल्फ म्युरी या जीवशास्त्रज्ञाने त्याची विष्ठा तपासून तो खातो काय हे पाहिलं. १९४० साली छापलेल्या त्याच्या अहवालात उंदीर, घुशींसारखे बिळांत राहणारे प्राणी आणि मेलेल्या जनावरांचं मांस यांचाच भरणा आहे. तरीही पशुपालकांच्या मुलखात मारणं चालूच राहिलं. उलट त्याच दशकात '१०८०' या क्रमांकानेच ओळखलं जाणारं आणखी जहाल विष आलं. आमिष खाऊन गरुड मेले, कुत्री मेली. शेवटी फेब्रुवारी १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केंद्र सरकारच्या जमिनींवर अशा विषांवर बंदी आणली. पुढे ती सैल झाली. सापळे आणि विमानातून गोळ्या घालणं तर आजही चालू आहे. केंद्र सरकारचं खातं अजूनही वर्षाला साठ हजारांच्या आसपास कोयोटी मारतं.

आणि कोयोटी कुठे आहे? हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात. उत्तरेला अलास्कात, दक्षिणेला पनामापर्यंत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात. २००७ साली एक कोयोटी शिकागोच्या भर वस्तीतल्या सँडविचच्या दुकानात शिरला आणि थंड पेयांच्या कपाटात जाऊन बसला.

हे झालं कसं? एक तर लांडगा मारून माणसानेच त्याची वाट मोकळी केली. दुसरं कारण गणिताचं आहे. फ्रेड नोल्टन या संशोधकाने १९७२ साली टेक्ससमधले आकडे मांडले. जिथे कोयोटी फारसे मारले जात नव्हते, तिथे एका वेताला सरासरी ४.३ पिल्लं होत होती, आणि जिथे जोरात मारले जात होते तिथे ६.९. संख्या घटली की उरलेल्यांना खायला जास्त मिळतं, पिल्लं जास्त होतात आणि जास्त जगतात. १९७५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कॉनली आणि लाँगहर्स्ट यांनी याचं मॉडेल संगणकावर चालवलं. उत्तर आलं: दरवर्षी ७५ टक्के कोयोटी मारत राहिलं, तरी त्यांना संपवायला ५० वर्षांहून थोडी जास्तच लागतील. मध्येच थांबलात, तर काही वर्षांत संख्या पुन्हा पहिल्यासारखी. पहाटे तीन वाजता ते वाचून मला हसू आलं. १९४९ पासून कार्टूनमधला कोयोटी तऱ्हेतऱ्हेची यंत्रं मागवतो आणि प्रत्येक वेळी स्वतःच आपटतो. खऱ्या गोष्टीत यंत्रं मागवणारे आपण होतो.

सकाळी मी खुराडं नीट पाहिलं. जाळी शाबूत होती. षटकोनी भोकांची ती जाळी १८४४ साली इंग्लंडमधल्या नॉरिचच्या चार्ल्स बार्नर्डने बनवली, कापड विणायच्या यंत्रावरून सुचलेल्या यंत्राने. कोंबड्या आत ठेवायला ती पुरते. बाहेरच्याला अडवायला पुरत नाही. रॅकून तिच्या भोकांतून हात घालतो आणि कोयोटी ती दातांनी फाडतो. त्यासाठी लागते अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची, जोड पक्के असलेली जाळी. खालून उकरू नये म्हणून ती फूटभर जमिनीत गाडायची किंवा बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरायची. कडी अशी हवी की रॅकूनच्या बोटांना उघडता येऊ नये. एवढं सगळं करूनही संध्याकाळी दार लावावंच लागतं.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. चिपळूणजवळच्या आमच्या गावी दिवेलागणीला आजी ओटीवरून हाक मारायची, "कोंबड्या मोजल्यास का गो?" कोल्हा होता, मुंगूस होतं, रानमांजर होतं. पिल्लं डालग्याखाली, डालग्यावर दगड, आणि मगच देवापाशी दिवा. कोल्ह्याला शिव्या घालताना मी तिला कधी ऐकलं नाही. न मोजणाऱ्याला मात्र ती सोडत नसे.

बाई परतल्या तेव्हा मी दारातच सांगितलं, "जाळी कुणी उचकटली नव्हती. मी दार लावायला विसरले." त्यांनी खुराड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "फोनवर तू जाळीचं सांगितलंस, तेव्हाच मला कळलं. ती जाळी मी स्वतः ठोकली आहे." राग होता की नाही, सांगता येत नाही. पुढचे दोन आठवडे संध्याकाळी त्या स्वतःच दार लावत होत्या, मला न विचारता.

शनिवार-रविवारी मी नवी जाळी आणून खंदक खणला, हाताला फोड आले. चार नव्या कोंबड्या आल्या. सूर्यास्ताप्रमाणे आपोआप बंद होणारं दार बसवू या का, असं विचारलं, तर बाई म्हणाल्या, "बसव. पण मोजायला तूच जा."

कोयोटी अजून येतो. परवा कुंपणापलीकडे उभा होता, माझ्याकडे बघत. मी खुराड्यात टॉर्च मारला आणि मोजलं. सहा. मग कडी लावली.