काडीमोड, पंच आणि कोर्टाचा कागद

हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क १९५५ साली मिळाला, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. हे विधान ज्यांच्यापुरते खरे आहे त्या जाती वरच्या, आणि संख्येने थोड्या. महार, मांग, कुणबी, कोळी, भिल्ल यांच्यात काडीमोड होता, फारकत होती, सोडचिठ्ठी होती आणि त्यानंतर पाटही होता. पाट लावणाऱ्यांकडून पेशवाईत 'पाटदाम' नावाचा कर घेतला जाई. ज्या रिवाजावर सरकार उत्पन्न काढते तो रिवाज चोरून चाललेला नसतो, एवढे तरी मान्य करावे लागेल.

मी हे लिहितो आहे ते विसरवाडीच्या निमित्ताने. धुळे-सुरत रस्त्यावरचे, नवापूर तालुक्यातले हे गाव. आजूबाजूचे पाडे मावची, कोकणी, भिल्ल यांचे. या पट्ट्यात बौद्धांचीही घरे आहेत. येथे नवराबायकोचे फाटले की प्रकरण आधी पंचांपुढे जाते. देज किती दिले होते, त्यातले परत किती करायचे, मुले कोणाकडे, यावर बोलणे होते आणि मोकळीक मिळते. हल्ली ही मोकळीक स्टँपपेपरवर लिहून अंगठे घेण्याचीही पद्धत पडली आहे. असे कागद माझ्याकडे वाचून घ्यायला आणले जातात. बाईचा प्रश्न ठरलेला असतो: हा कागद चालेल का?

या प्रश्नामागे दीडशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. मुंबई इलाख्यात १८२७च्या चौथ्या रेग्युलेशनने दिवाणी न्यायात देशरिवाजाला स्थान दिले. त्याच साली आर्थर स्टील यांचा दख्खनमधील जातींच्या चालीरीतींचा संग्रह छापला गेला. कागदोपत्री रूढीचा मान राहिला. पण न्यायासनावर बसलेले साहेब रूढी तपासायचे ती शास्त्री-पंडितांच्या चष्म्यातून. १८६४ साली तळपदा कोळ्यांचा एक खटला मुंबई हायकोर्टापुढे आला. नवऱ्याची संमती नसतानाही बाईने त्याला सोडून दुसरा घरोबा करावा, असा त्या जातीचा रिवाज होता. कोर्टाने तो हिंदू धर्मशास्त्राच्या वृत्तीशी विसंगत म्हणून अमान्य केला. १८७६ साली शंभू रघू खटल्यात तेच कोर्ट म्हणाले की, लग्न मोडल्याचे जाहीर करण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानत नाही. जातीने परवानगी दिली होती अशा प्रामाणिक समजुतीचा बचावही चालला नाही. म्हणजे पंचांनी मोकळी केलेली बाई पिनल कोडाच्या ४९४ कलमाखाली गुन्हेगार! खालच्या जातींतील स्त्रीजवळ जे थोडे स्वातंत्र्य होते, ते सुधारणेच्या युगात असे कापले गेले. याची नोंद आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासांत क्वचितच आढळते.

नवापूरच्या पलीकडे सोनगड, व्यारा हा मुलूख गायकवाडांचा. बडोदे संस्थानाने १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. अलीकडच्या ब्रिटिश खानदेशाला मुंबई प्रांताच्या कायद्यासाठी १९४७ उजाडावे लागले. हिंदू कोड बिलावरील चर्चेत, घटस्फोटाने धर्म बुडेल असा आक्रोश झाला तेव्हा, शूद्र म्हटल्या गेलेल्या बहुसंख्य समाजात तो पूर्वीपासूनच आहे, हे बाबासाहेबांनी सभागृहाला सुनावले. बिल अडवले गेले. सप्टेंबर १९५१मध्ये त्यांनी राजीनामा दिला, त्यामागचे हे एक मोठे कारण होते.

१९५५च्या हिंदू विवाह कायद्याने काडीमोड रद्द केला नाही. २९व्या कलमाने रूढीचा घटस्फोट राखून ठेवला. मात्र ती रूढी प्राचीन, अखंड, निश्चित आणि वाजवी आहे हे सिद्ध करण्याचा भार पक्षकारावर आहे. नुसता स्टँपपेपर म्हणजे घटस्फोट नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली पुन्हा स्पष्ट केले. बौद्धांना हा कायदा लागू आहे. जात सोडलेल्या माणसाने कोर्टात त्याच जातीच्या रूढीवर उभे राहावे, हे मला विसंगत वाटते आणि कायद्याने धोक्याचेही. त्यांनी सरळ अर्ज करावा. लग्नाला एक वर्ष झालेले असावे. १३व्या कलमातील कारण दाखवावे लागते: क्रूरता, दोन वर्षे टाकून देणे, व्यभिचार इत्यादी. दोघांची संमती असेल तर १९७६ साली घातलेले '१३ ब' आहे. त्यासाठी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. ही मुदत न्यायालय माफ करू शकते, असा २०१७चा निर्णय आहे. २००३पासून बायको जेथे राहते तेथील न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. माहेरी परतलेल्या बाईला हे कलम फार मोलाचे आहे.

मावची किंवा भिल्ल बाईची गोष्ट वेगळी. दुसऱ्या कलमाप्रमाणे, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणून १३व्या कलमाचा अर्ज तिच्या कामाचा नाही. लग्न १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदवलेले असेल तर त्या कायद्याने घटस्फोट मागता येतो. नाहीतर पंचांपुढे झालेली फारकत दिवाणी न्यायालयातून जाहीर करून घ्यावी लागते, आणि तेथे पुन्हा रूढीचा पुरावा. याचा फटका उलट बाजूनेही बसतो. संथाल नवऱ्याने दुसरे लग्न केले म्हणून उराव पत्नीने केलेली फिर्याद २००१ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. दुसरे लग्न रद्द ठरवणारी जमातीची रूढी तिला दाखवता आली नव्हती. रूढी पुरुषांच्या बैठकीत तोंडी राहते, आणि पुरावा द्यायचा तो बाईने!

म्हणून माझ्याकडे कागद घेऊन येणाऱ्या बाईला मी सांगतो ते असे: बैठकीची तारीख, जागा, पंचांची नावे, देजाचा हिशेब हे सारे लिहून घे आणि त्यावर स्वतःची सही कर. साक्षीला तयार असलेले दोन म्हातारे पंच धरून ठेव. पोटगीच्या अर्जाला जमात आड येत नाही; पूर्वीचे १२५ कलम आता नव्या संहितेत १४४ झाले आहे. कोर्टात गेलीस म्हणून पंचांनी वाळीत टाकले तर २०१६च्या कायद्याने तो गुन्हा आहे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नकोस. १९८७च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तो अर्ज नवापूरला, तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे द्यायचा.