किसुन्को, ग्रिगोरी वासिलयेविच

किसुन्को, ग्रिगोरी वासिलयेविच : (२० जुलै १९१८–११ ऑक्टोबर १९९८). सोव्हिएट रडारतज्ज्ञ व क्षेपणास्त्रविरोधी संरक्षण प्रणालीचे प्रमुख अभिकल्पक. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचे शीर्ष मार्गातच गाठून अणुस्फोटकाविना नष्ट करण्याचा जगातील पहिला यशस्वी प्रयोग त्यांच्या नेतृत्वाखाली झाला.

त्यांचा जन्म युक्रेनमधील बेलमान्का या खेड्यात झाला. वडील रेल्वे इंजिनचालक होते. स्टालिनच्या दडपशाहीत १९३८ साली त्यांना अटक होऊन देहदंड झाला. त्याच वर्षी किसुन्को लुगान्स्क येथील अध्यापन संस्थेतून पदवीधर झाले. पुढे त्यांनी लेनिनग्राडच्या हर्टझेन संस्थेत सैद्धांतिक भौतिकीचे संशोधन केले. जर्मन आक्रमण होताच १९४१ मध्ये ते स्वेच्छेने सैन्यात गेले व हवाई हल्ल्याची सूचना देणाऱ्या दलात रडारशी त्यांचा संबंध आला. युद्धाच्या अखेरीपासून लेनिनग्राडच्या लष्करी संदेशवहन अकादमीत अध्यापन करीत असताना त्यांनी तरंगमार्गदर्शकांच्या सिद्धांतावर काम केले. पोकळ प्रणालींतील विद्युत् गतिकीवरील त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला.

मॉस्को येथील केबी-१ या अभिकल्प कार्यालयात त्यांची १९५० मध्ये नेमणूक झाली. मॉस्कोभोवतीच्या एस-२५ या विमानविरोधी प्रणालीच्या रडारांतील अतिउच्च कंप्रतेच्या भागाची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

सात वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांनी १९५३ मध्ये क्षेपणास्त्रांपासून संरक्षणाची मागणी केली, तेव्हा बहुतेक ज्येष्ठ तज्ज्ञांना ती अव्यवहार्य वाटली. किसुन्को यांनी मात्र ती स्वीकारली. मुख्य अडचण मोजमापाची होती. रडार अंतर अचूक मोजते, पण दिशा तितकी अचूक सांगत नाही; ३०० किमी. अंतरावर कोनात एक दशांश अंशाची चूक झाली, तरी स्थानात सु. ५०० मी. फरक पडतो. म्हणून त्यांनी कोन मोजण्याचा आग्रहच सोडला. समभुज त्रिकोणाच्या शिरोबिंदूंवर, एकमेकींपासून सु. १५० किमी. अंतरावर, तीन रडार स्थानके उभारून केवळ तीन अंतरांवरून लक्ष्याचे स्थान निश्चित करण्याची ही पद्धत होय. कल्पना साधी आहे. पण दर सेकंदास कित्येक किमी. वेगाने जवळ येणाऱ्या दोन वस्तूंसाठी हे गणित अखंड करीत राहणे त्या काळी सोपे नव्हते. त्यासाठी स्यिर्ग्येई लेब्येड्येव्ह यांनी एम-४० हा सेकंदास सु. ४०,००० क्रिया करणारा संगणक तयार केला. व्ही-१००० हे क्षेपणास्त्र प्योत्र ग्रूशिन यांनी अभिकल्पिले. बाल्खाश सरोवराकाठच्या सारी-शागानच्या निर्जल प्रदेशात ही ‘प्रणाली-ए’ उभी राहिली.

४ मार्च १९६१ रोजी कापुस्तिन यार येथून सोडलेल्या आर-१२ क्षेपणास्त्राचे शीर्ष सु. २५ किमी. उंचीवर व्ही-१००० च्या साध्या स्फोटक शीर्षाने नष्ट केले. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राबाबत असे बिगर-आण्विक यश अमेरिकेला १९८४ मध्ये मिळाले. तिची पद्धत मात्र वेगळी, म्हणजे थेट आघाताची होती.

यानंतर मॉस्कोच्या संरक्षणासाठी त्यांनी ए-३५ प्रणाली हाती घेतली. तिच्या क्षेपणास्त्रांना अणुशीर्षे होती. मात्र तिचा आराखडा मोजक्या, एकशीर्ष क्षेपणास्त्रांना गृहीत धरून केलेला होता. अमेरिकेने १९७० मध्ये अनेक स्वतंत्र शीर्षांचे मिनिटमन-३ सेवेत आणले आणि हे गृहीतकच ढासळले. फसवी लक्ष्ये ओळखण्याचा प्रश्नही अपुरा सुटला होता. त्यातच १९६३ मध्ये पुढे आलेल्या चेलोमेई यांच्या ‘तारान’ या प्रतिस्पर्धी योजनेमुळे साधनसामग्री व वेळ खर्ची पडला. ती योजना पुढील वर्षी रद्द झाली. ए-३५ च्या मर्यादांचा दोष केवळ किसुन्को यांना देणे योग्य नाही. आक्रमक अस्त्रे संरक्षणापेक्षा वेगाने बदलत होती. १९७२ च्या करारानेही अशा प्रणालींवर संख्येची मर्यादा घातली. १९७५ मध्ये त्यांना मुख्य अभिकल्पकपदावरून दूर करण्यात आले. सुधारित ए-३५एम १९७८ मध्ये सेवेत दाखल झाली, त्या वेळी तिचा जनक तेथे नव्हता.

त्यांना समाजवादी श्रमवीर हा किताब (१९५६) व लेनिन पारितोषिक (१९६६) मिळाले. १९५८ मध्ये ते सोव्हिएट विज्ञान अकादमीचे अनुरूप सदस्य झाले. तथापि गुप्ततेमुळे त्यांचे कार्य कित्येक दशके देशवासीयांनाही अज्ञात होते. गुप्त विभाग या अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे आत्मकथन १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. तंत्रज्ञानाइतकेच त्यात कार्यालयीन वैराचे तपशील असून ते एका पक्षाचे म्हणून वाचावे लागते.

मॉस्को येथे ते मरण पावले.